उजव्या पायाचा बूट

चपलांच्या कपाटाचं दार कुरकुरलं आणि तिची झोप खाडकन उडाली. पहाटे साडेपाचला त्या कपाटाशी कुणाचं काय काम? असेल कुणीतरी, म्हणून ती कूस बदलायला गेली, तर हात रिकाम्या उशीवर पडला. शेजारी चिमणी नव्हती.

चार वर्षांची लेक ती. उन्हाळाभर परदेशात चिनी शिकून आई परवा घरी परतली, तेव्हापासून ही शेपटासारखी तिच्या मागे. आई न्हाणीघरात गेली, तर ही दाराबाहेर बसून राहायची. बोलायची मात्र नाही.

आज परतल्यावरचा आईचा कारखान्यातला पहिला दिवस होता. नवी यंत्रं बसवायला चिनी इंजिनिअर यायचे होते आणि दुभाषी म्हणून तिला उभं राहायचं होतं. शिवाय साहेबांना उत्तर द्यायचं होतं: पुढचा अभ्यास करायला हिवाळ्यात पुन्हा जाणार का, वर्षभरासाठी? हे तिने अजून घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

चाचपडत ती बाहेर आली. स्वयंपाकघरात नाही. गॅलरीचं दार बंद होतं, जीव भांड्यात पडला. मग तिला बाहेरचं दार दिसलं. वीतभर उघडं. पुढे तीन मजल्यांचा जिना, खाली रस्ता, भरधाव जाणाऱ्या दुधाच्या गाड्या.

"आई! अहो आई!"

सासूबाई डोळे चोळत आल्या. "ओरडू नकोस. जिन्याच्या वळणावर असेल."

"म्हणजे?"

"रोज तिथेच बसायची. जाताना काय सांगून गेलीस, आठव."

आठवायला कशाला हवं? विमान गाठायला पहाटे निघताना पोर अर्धवट जागी झाली होती, ओठ काढून रडायच्या बेतात. तेव्हा आई पटकन म्हणून गेली होती, "संध्याकाळी येते हं." वेळ मारून नेली होती.

सासूबाई म्हणाल्या, "मग मीही तेच म्हणत राहिले. दुसरं काय करणार? आधी खिडकीत बसायची, मग जिन्यात. पुढे विचारायचंच सोडलं बयेने. म्हणून तर फोनवर येत नव्हती."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून? तिथे अभ्यास केला असतास की रडत बसली असतीस?"

ती अनवाणीच जिना उतरली. पहिल्या वळणावर चिमणी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर आईच्या उजव्या पायाचा बूट, दोन्ही हातांनी गच्च धरलेला.

ती शेजारी पायरीवर टेकली.

"काय गं ठमे, एका बुटावर मी कारखान्यात लंगडी घालत जाऊ?"

चिमणी हसली नाही.

"दे बघू. उशीर झाला तर साहेब ओरडतील मला."

"जाऊ नको."

परवापासूनचा तिचा पहिला शब्द. आईने तिचे विस्कटलेले केस कानामागे सारले. दहा आठवडे परक्या भाषेतली वाक्यं घोकली होती. पण या क्षणी जिभेवर आलं ते जुनंच, सवयीचं.

"संध्याकाळी येते ना मी."

चिमणीने बूट आणखी जवळ ओढला आणि पहिल्यांदाच आईच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"कुठल्या संध्याकाळी?"