खिडकीतली रोपं

हवामानसाहेब निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि परगावच्या लेकीने बियांची पाकिटं, रोपांचे खाचाखाचांचे ट्रे आणि त्यांना उजेड द्यायचा एक दिवा पाठवला. घड्याळ माळ्यावर गेलं. ट्रे मात्र थेट पूर्वेच्या खोलीत, घरातल्या एकुलत्या एका चांगल्या खिडकीसमोर जाऊन बसले. त्या खिडकीखाली गेली एकवीस वर्षं टेलरबाईंचं शिलाई मशीन होतं.

टेलरबाई म्हणजे साहेबांची बायको. साऱ्या गल्लीचे पडदे, फ्रॉक आणि पँटींच्या उसवलेल्या शिवणी त्यांच्या हाताखालून जात. त्यांचं मशीन आता घराच्या आतल्या बोळात आलं. तिथे भरदिवसा दिवा लावावा लागे आणि तरीही काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नसे.

"थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "घरात रोपं तयार केली की काकडी महिनाभर आधी हाती लागते. बाहेर थेट बी टाकणं म्हणजे निव्वळ जुगार."

"माझी आई बोटाने भोक पाडायची आणि बी टाकायची. काकड्या खाऊन खाऊन कंटाळायचो आम्ही."

"तुझ्या आईच्या वेळचं हवामान वेगळं होतं."

तीस वर्षं हवेचे अंदाज लिहिलेल्या माणसाशी हवेवरून कोण वाद घालणार? बाईंनी सरळ पैज लावली. एकाच पाकिटातलं काकडीचं बी, अर्धं साहेबांच्या ट्रेत, अर्धं मागच्या भिंतीलगतच्या मातीत. ज्याची काकडी आधी ताटात येईल, त्याची ती खोली, कायमची. साहेबांनी हसत हसत कबूल केलं.

साहेबांचं बी पाचव्या दिवशी वर आलं. त्यांनी बारा रोपांना बारा नंबर दिले, वही उघडली, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायला सुरुवात केली. बाईंना मात्र बाहेरची माती कोमट व्हायची वाट बघावी लागली. मग त्यांनी बी टाकलं, ते गोगलगायींनी फस्त केलं. उरलेलं टाकलं, त्यातली चार रोपं तगली. बुटकी आणि रुंद पानांची.

"उंची बघ माझ्या रोपांची, उंची!" साहेब म्हणत. रोपं खरंच वीतभर झाली होती. फिकट, दोऱ्यासारख्या देठांची, काचेकडे माना ताणून उभी.

पाकिटावर एक सूचना होती. रोपं बाहेर लावण्याआधी रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना हवेची सवय करावी. इथेच घोडं अडलं. साहेब रोज सकाळी ट्रे उचलून मागच्या दारापर्यंत येत, उंबऱ्यावर थांबत आणि आभाळाकडे बघत.

"आज पश्चिमेकडून वारा आहे," एक दिवस. "ढगाळ आहे, तुरळक सरींची शक्यता," दुसऱ्या दिवशी. आणि ट्रे परत आत. अख्ख्या नोकरीत साहेबांनी पाऊस पडेल असं एकदाही लिहिलं नव्हतं. पडण्याची शक्यता आहे, एवढंच लिहिलं होतं, त्यामुळे पडला तरी ते बरोबर आणि न पडला तरी बरोबर. पण नुसत्या शक्यतेवर ट्रे काही उंबरा ओलांडत नाही. असे सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी ढग नव्हता, वारा नव्हता. साहेबांनी वहीत लिहिलं, 'हवा निरभ्र, सर्वथा अनुकूल', आणि नऊ वाजता बाराच्या बारा रोपं एका दमात बाहेर मातीत लावून टाकली. दुपारी जेवून हात धुवायला मागे गेले तेव्हा बाराही जमिनीवर आडवी झाली होती, पानं कागदासारखी पांढरी. थंडी, वारा, पाऊस, सगळ्यांची त्यांनी धास्ती घेतली होती. चांगल्या उन्हाची कोण घेतो?

साहेब झारी घेऊन नुसते उभे राहिले. कचेरीत घड्याळ हातात पडलं तेव्हा जसा चेहरा झाला होता, तसाच. खोटं कशाला सांगा, बाईंना घटकाभर आनंद झाला. मग त्यांनी साहेबांच्या हातातली झारी घेतली.

"संध्याकाळी उठतील," त्या म्हणाल्या.

"नाही उठणार," साहेब म्हणाले. तीस वर्षांतला हा त्यांचा पहिला छातीठोक अंदाज, आणि तो खरा ठरला.

पुढे सहा-सात आठवड्यांनी बाईंची काकडी ताटात आली. साहेबांनी मीठ लावून खाल्ली, कडू नाही म्हणाले आणि त्याच संध्याकाळी ट्रे स्वतः उचलले. काच पुसली, मशीन आणून खिडकीखाली ठेवलं, वर तेलसुद्धा घातलं. माणूस शब्दाचा पक्का होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उजेडात शिवायला बसल्या. पाठोपाठ साहेब खुर्ची घेऊन आले.

"हा टाका जरा सैल नाही वाटत?" त्यांनी विचारलं. दुपारी गिऱ्हाईक आलं, त्याला परस्पर सांगितलं, "गुरुवारी पँट मिळण्याची शक्यता आहे." तिसऱ्या दिवशी त्यांनी बटणं आकारमानानुसार लावून त्यांची वही केली. मग बाईंना एक बटण सापडेना. चौथ्या दिवशी त्यांच्या बोलण्याच्या नादात बाईंनी फ्रॉकची बाही उलटी शिवली. तीन महिने बोळात डोळे फुटायची वेळ आली होती खरी, पण तिथे एका शब्दाने कुणी काही विचारलं नव्हतं, हे त्यांना शिवण उसवताना पहिल्यांदा जाणवलं.

पाचव्या दिवशी त्या बियांच्या दुकानात गेल्या.

"असं काही द्या, जे बाहेर टाकून चालतच नाही. घरातच वाढवावं लागतं."

"सेलरी आहे, सुपात घालतात ती भाजी," दुकानदार म्हणाला. "पण फार छळते हो. उगवायलाच तीन आठवडे. बाहेर न्यायच्या लायकीची व्हायला तीन महिने, तेही रोज जपलं तर. त्यापेक्षा मुळा न्या. मातीत फेका, चार दिवसांत वर."

"मुळा नको," बाई म्हणाल्या. "सेलरीची दोन पाकिटं द्या. आणि एक मोठा ट्रे बघा, सगळी खिडकी व्यापेल असा."