कार्डावरची ड्यूटी

"अरे, तूच सांग ना साहेबांना, त्या दिवशी मी नव्हतो म्हणून," बडबड्या म्हणाला आणि चक्क हसला. केंद्रातच चाललेल्या चौकशीला ऑपरेटर मित्र आला, आता मिटलंच सगळं, असं त्याला वाटत होतं.

ऑपरेटरने मान वर केली नाही. जलशुद्धीकरण केंद्रातल्या एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर आलटून पालटून बसत दोघांचे केस पिकले होते. एकाच्या घरी अडचण आली की दुसऱ्याने त्याचं कार्ड मशीनला लावायचं आणि गुपचूप ड्यूटी काढायची. त्या मंगळवारी बडबड्याची बायको, म्हणजे ऑपरेटरच्या वहिनी, तापाने फणफणल्या, म्हणून बडबड्या घरी राहिला. कार्ड त्याचं, खुर्चीत मात्र ऑपरेटर.

आणि त्याच दिवशी ऑपरेटरने केंद्राच्या संगणकाला एक पेनड्राइव्ह लावला. हक्काची बढती केंद्राच्या साहेबांच्या मेव्हण्याने पळवल्यापासून तो आतल्या आत धुमसत होता. नोकरीवरून काढलेल्या एका इंजिनियरने ते बरोबर हेरलं. "तासभर पडदे बंद पडतील, साहेबांची जरा जिरेल, बस्स," पेनड्राइव्ह हातात ठेवत तो म्हणाला होता. पडदे कुठले बंद पडायला! तो व्हायरस याच केंद्राच्या मापाने बेतलेला. पडद्यावर आकडे शहाण्यासारखे दिसत राहिले आणि तिकडे पंप पाण्यात दहापट क्लोरीन ओतत राहिला. अर्धं शहर दवाखान्यात. एक तान्हं पोर गेलं.

ते कळलं तेव्हा ऑपरेटर मोरीत जाऊन ओकला. व्हायरस मंगळवारच्या ड्यूटीत शिरला हे तपासात निघालं, आणि कार्डावरून बडबड्याला धरलं. आज सकाळीच वहिनी ऑपरेटरच्या दारात आल्या होत्या. "भावोजी, आता तुमच्याच शब्दावर आहे सगळं." "मी सांगतो ना, वहिनी," तो म्हणाला होता. तेव्हा त्याच्या मनात खरंच खोट नव्हती.

"बोला," चौकशी अधिकारी म्हणाले. "मंगळवारी खुर्चीत कोण होतं?"

ऑपरेटरला तुरुंग दिसला. आपली लेक दिसली. ते पोरही दिसलं. 

"हाच होता, साहेब. मी घरी होतो."

बडबड्या त्याच्याकडे बघतच राहिला.  "अरे, हिला ताप होता ना," तो हळूच म्हणाला. "तूच म्हणालास, थांब घरी."

"बायकोचं आजारपण सगळ्यांनाच सुचतं," अधिकारी म्हणाले. शिपायांनी बडबड्याला नेऊन गाडीत बसवलं.

माणूस कमी पडला, म्हणून केंद्राच्या साहेबांनी ऑपरेटरलाच खुर्चीत बसायला सांगितलं. थोड्या वेळाने त्याचा मोबाइल वाजला.

"भावोजी, निघाले का हे?"

ऑपरेटरने खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेर गाडी वळत होती.

"निघाला, वहिनी."

पलीकडे त्या रडायलाच लागल्या. मग नाक ओढत म्हणाल्या, "तुम्हीपण या त्यांच्याबरोबर. दोघांचा भात टाकलाय मी. तुम्हाला जेवल्याशिवाय सोडायची नाही आज."

"येतो," तो म्हणाला.