एक नाव जास्त

मेणाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर वाळून बसला होता आणि शांतवन चॅपलच्या पायरीवर उभा राहून तो खरवडत होता — त्या थेंबाखेरीज आज दुसरं काही घडलंच नव्हतं अशा थाटात. रविवारची मिस्सा संपली होती. माणसं एकमेकांना ‘जय येशू’ म्हणत होती, गाड्या काढत होती. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे कुणाला कळलं नव्हतं… की कळूनही सगळे सभ्यपणे गप्प होते?

नावं घेताना त्याच्या तोंडून एस्तेरचं नाव गेलं होतं. मेलेल्यांच्या नावांत. आणि एस्तेर, त्याची बायको, घरी कॉटवर जिवंत होती.

हे चॅपलच मुळी नावासाठी बांधलेलं. रेल्वेच्या कुणा इंग्रज इंजिनिअरची तरुण बायको शार्लट इथे नाशिक रोडला तापाने गेली, आणि दर रविवारी तिचं नाव घेऊन प्रार्थना व्हावी अशी व्यवस्था लावून त्याने हे दगडी चॅपल उभारलं. पुढे तिच्यामागे वस्तीतल्या मृतांची नावं जोडली गेली. शांतवनच्या आजोबांना वाचता येत नव्हतं, म्हणून नावं तोंडपाठ घ्यायची रीत पडली. मग वडिलांनी घेतली, आता तो घेतो. एकेक नाव, आणि प्रत्येकामागे सगळ्यांचा एकत्र आवाज — ‘हे प्रभू, चिरविश्रांती दे.’ शेवटी त्याच्या घरची माणसं. सर्वांत शेवटी सासूबाई, सगुणाबाई. त्यांचं नाव झालं की क्रुसाची खूण करायची आणि बाकावर बसायचं. आज सगुणाबाईंनंतर जीभ थांबलीच नाही. एस्तेर, म्हणाली. आणि सगळं चॅपल म्हणालं — हे प्रभू, चिरविश्रांती दे.

अडखळलो असतो तरी बरं होतं. पण किती सहज आलं ते! …मी मुद्दाम नाही केलं. आईचं नाव घेतलं की लेकीचं आठवतंच माणसाला, त्यात काय? आपण ख्रिस्ती माणसं, असल्या अपशकुनांना भीक घालत नाही — तो स्वतःला बजावत होता, आणि मेण निघून गेलं तरी नख खरवडत होता.

“शांतूभाऊ,” मागून सखुबाई आली. चॅपल झाडणारी, वेदीवरची फुलं बदलणारी. तिच्या कानांतून काही सुटत नसे. “बरी हाय ना एस्तेर?”

“बरी आहे. का?”

“नाय, सहज इचारलं.” ती जरा जास्तच वेळ बघत राहिली, असं त्याला वाटलं. “जा घरी. एकटी असंल ती.”

एकटी होतीच. तिचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून दर रविवारी तो बाहेरून कडी घालून येत असे. आज तर धावत सुटायला हवं होतं. पण शांतवन नाक्यावरच्या केळीवाल्यापाशी थांबला, रिक्षावाले द्वारका चौकाच्या सवाऱ्यांसाठी द्वारका, द्वारका म्हणून ओरडत होते, आणि तो केळी निवडत राहिला — ही फार पिकली, ही कच्ची, हिला डाग… शेवटी केळीवाला वैतागला. “काका, सगळी एकाच घडातली आहेत. घ्यायची तर घ्या.” तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण वेळ काढतोय. काय घडून जायला वेळ देतोय? तो विचार त्याने अर्ध्यातच तोडला. पण विचार कुठे निघाला होता ते दिसायचं तेवढं दिसून गेलं होतं. तिची कूस बदलायची, चादर बदलायची, घासघास भरवायचं… ‘दमलात ना?’ ती विचारायची, आणि तो ‘छे’ म्हणायचा. रोज छे. मग जे म्हटलं नाही ते जाणार कुठे?

त्याने कडी काढली. एस्तेर डोळे मिटून पडली होती, तोंड किंचित उघडं. चादर हलत होती, पण ती पंख्याने हलतेय की श्वासाने, कळेना. तो दारातच उभा राहिला. पुढे होऊन बघायचा धीर होईना… मग तिने डोळे उघडले. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जे वाटलं त्याकडे त्याला बघायचंही नव्हतं.

“झाली मिस्सा?” तिची जीभ जड झालेली.

“झाली.”

“नावं घेतलीत सगळी?”

“घेतली.”

“आईचं?”

“घेतलं.”

मग चांगल्या हाताने तिने त्याचं मनगट धरलं. “पुढच्या रविवारी मला न्या. खुर्चीतून. किती दिवसांत ऐकलं नाही तुम्हाला. पुढेच बसवा, म्हणजे नीट ऐकू येईल.”

नको म्हणायला कारणं पुष्कळ होती — पायऱ्या, ऊन, तिची पाठ. तो “नेतो” म्हणाला. एस्तेर अर्ध्या तोंडाने हसली आणि मनगट न सोडताच तिने पुन्हा डोळे मिटले. शांतवन तसाच वाकून उभा राहिला आणि मनातल्या मनात नावं म्हणून बघू लागला. शार्लटपासून… आजोबा, वडील, आई, सासरे… सगुणाबाई. इथे थांबायचं. इथेच थांबायचं आहे. पुन्हा पहिल्यापासून… सगुणाबाई. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते, दातही. आत जीभ मात्र पुढच्या नावासाठी तयार होऊन बसली होती. सकाळपासून तो एस्तेरच्या मरणाला घाबरत होता. आता त्याला स्वतःची भीती वाटू लागली, आणि तिच्या हातातून मनगट सोडवून घ्यायचीही — ते तरी चुकून झालं असं म्हणता आलं नसतं.