चार थांब्यांवरचं माहेर

माझ्या सासूबाईंचं माहेर चार थांब्यांवर होतं. लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले तेव्हा मला याची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर हेवाही. माझं माहेर म्हणजे रात्रभराची रेल्वे आणि त्याआधी रजेसाठी केलेली मिनतवारी. यांचं म्हणजे नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी छोट्या बसमध्ये चढायचं, बरकतपुऱ्यावरून काचीगुड्याला उतरायचं, की त्रिवेणीमावशी चहाचं आधण ठेवून दारात उभी. रोज माहेरी जाणारी सासू मी तरी दुसरी पाहिली नाही.

तारामती त्यांचं नाव. घराणं मूळ नांदेडकडचं, शेतीवाडीचं. वडील नोकरीसाठी काचीगुड्यात आले आणि तिथलेच झाले. धाकटी बहीण त्रिवेणी मराठी शाळेत शिकवत राहिली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर त्याच घरात एकटी राहत होती. सासरे होते तोवर सासूबाई एकट्या कुठे गेल्या नव्हत्या. ते गेले, आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीतून ती छोटी बस सुरू झाली. तिची पायरी बुटकी होती, म्हणून त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना जमायचं. कंडक्टर यादगिरी हात द्यायचा आणि म्हणायचा, “मेल्लगा अम्मा, मेल्लगा.” सावकाश. मग त्या पदर सावरून खिडकीशी बसायच्या, ते अगदी थाटात.

मी एकदा म्हटलं, ऑटो करून देते. तर म्हणाल्या, “नक्को गं. ऑटोत बसवून दुसऱ्यानं पाठवायला मी काय दळणाचा डबा आहे? बसमध्ये मी स्वतः जाते.”

हे सगळं सांगते आहे ते सत्त्याण्णव सालचं. गल्लोगल्ली एसटीडी बूथ, घराघरांवर केबलच्या तारा, हिमायतनगरला दर आठवड्याला नवं शोरूम. मीही नारायणगुड्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते आणि स्वतःला फार आधुनिक समजत होते. ‘तोटा’ हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी नव्यानंच बसला होता. तोट्यातल्या गाड्या बंद करा, असा वरून आदेश आला. जिल्ह्याच्या हाती रस्ते आणि बससाठी थोडा निधी असायचा. त्यातून कुठली गाडी तगवायची हे जिल्ह्याच्या समितीनं बसून ठरवायचं. आणि ठरवण्यासाठी लागणारी आकडेमोड करायला जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयात एक इंजिनिअर होता, तो माझा नवरा किशोर.

किशोर सरळ माणूस. इतका सरळ की कधी कधी त्याचा राग यावा. एकदा जेवताना त्यानं सांगितलं की बुधवारी सगळ्या लहान गाड्यांतली माणसं मोजणार आहेत, आणि आपल्या गल्लीतली गाडी दुपारी रिकामी धावते, ती बहुतेक जाईल. मी म्हटलं, “अरे, आई रोज जातात तिनं.” त्यानं घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, “माझ्या आईसाठी जिल्ह्याचा पैसा कसा मागू, अपर्णा? उद्या प्रत्येकजण आपापली आई घेऊन येईल.”

सासूबाईंनी त्याला आणखी भात वाढला आणि मोजणी नक्की सकाळपासून आहे ना, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुशीलाबाईंकडे सासूबाईंचं भजनी मंडळ होतं. तिथे भजन किती झालं देव जाणे. बुधवारी मी क्लासातून लवकर निघून दुपारच्या छोट्या बसमध्ये चढले तर आत अख्खं मंडळ. सुशीलाबाई मांडीवर परात घेऊन वाटाणे सोलत होत्या. मागच्या गल्लीतल्या अनुराधानं लोकरीच्या सुया काढल्या होत्या. कुणी सुलतान बाजारातून ब्लाउजपीस घेऊन आल्या होत्या, ते आता सगळ्यांच्या हातून फिरत होते. मोजणीचे कारकून, पन्नाशीचे एक चष्मेवाले गृहस्थ, पुढच्या सीटवर घाम पुसत रेघा ओढत होते. सासूबाईंनी सकाळीच त्यांच्याशी गोड बोलून माहिती काढली होती की गाडीतच बसून राहिलं तर माणूस एकदाच धरतात. म्हणून दोन्ही टोकांना सगळ्या जणी उतरायच्या, नवं तिकीट काढायच्या आणि पुन्हा चढायच्या. कारकुनांना सगळं दिसत होतं, पण तीच बाई किती वेळा आली हे लिहायची सोय त्यांच्या कागदात नव्हती. आणि तोपर्यंत त्यांनी आमचा चिवडाही खाल्ला होता.

काय दिवस होता तो! भाजी आणायची नाही, कुणाला शाळेतून आणायचं नाही, कुठे पोचायचंही नाही, आणि तरी घराबाहेर. सुशीलाबाई म्हणाल्या, लग्नानंतर आपण पहिल्यांदाच उगाच बाहेर पडलोय. काचीगुड्याला त्रिवेणीमावशीही चढली आणि शाळेतल्या सवयीनं सगळ्यांना नीट रांगेत बसवू लागली. मी त्या शहरात तोवर पाहुणीच होते. त्या दिवशी त्या बायकांत दाटीवाटीनं बसून मी हैदराबादची झाले, असं मला आजही वाटतं. इतकं हसणं मग पुढे फारसं वाट्याला आलं नाही.

महिन्याभरानं किशोर पेढे घेऊनच घरी आला. एरवी समितीच्या बैठकीत तोंड न उघडणारा हा माणूस त्या दिवशी उभा राहून बोलला होता. नल्लकुंट्याची गाडी भर दुपारी जिल्ह्यात सगळ्यात जास्त भरते, हे त्यानं आकड्यांनिशी दाखवलं आणि समितीला पटवलं. गाडी वाचली. नुसती वाचली नाही, तर छोटीच्या जागी दोन मोठ्या बस मंजूर झाल्या, पार अफजलगंजपर्यंत जाणाऱ्या.

सासूबाईंनी पेढा हातात घेतला. “गल्लीत वळेल का रे मोठी गाडी?”

“गल्लीत कशाला? मोठ्या रस्त्यावरून जाईल. थांबा तिथेच, पेट्रोल पंपापाशी.”

त्यांनी पायरीबद्दल विचारलं नाही. मोठ्या बसची पायरी केवढी उंच असते हे त्यांना न विचारताच ठाऊक होतं. त्यांनी पेढा खाल्ला, लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “शाब्बास.”

मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्याला खरं सांगते. त्यांनी माझं मनगट धरलं. “बिल्कुल नाही. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर बोलून आलाय तो. मी माझं बघते.” त्यांचा आवाज कडक होता, पण डोळे भरले होते. मला त्या घटकेला दोघांचाही राग आला, आणि त्याहून जास्त माया.

मोठी बस सुरू झाली. मी सासूबाईंना पेट्रोल पंपापर्यंत हळूहळू चालवत न्यायची. मंडळातल्या दोघी-तिघी यायच्या, आणि खालून आम्ही, वरून याच गाडीवर बदलून आलेला यादगिरी, असं करून त्यांना कसंबसं चढवायचो. लोक बघायचे, ते त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण संध्याकाळी त्या नेहमीसारख्याच हसतमुख यायच्या, आणि किशोरनं विचारलं तर म्हणायच्या, मस्त आहे गाडी, वारा छान लागतो. काचीगुड्याला उतरवून घ्यायला आणि परत चढवायला कोण असतं, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. क्लासाच्या गडबडीत तो सुचलाच नाही.

एका दुपारी किशोर नव्या गाडीची पाहणी करायला निघाला आणि बरकतपुऱ्याला तिच्यात चढला. मागे दारापाशीच उभा राहिला. पुढे बायकांच्या सीटवर आई बसलेली त्याला दिसली. काचीगुडा आलं, ती उठली नाही. उलट त्रिवेणीमावशीच थर्मास घेऊन वर चढली आणि तिच्या शेजारी बसली. गाडी त्यांच्या घरावरून गेली तेव्हा दोघींनी माना वळवून घराकडे पाहिलं. मग थर्मासच्या झाकणात चहा ओतून घोट घोट घेत दोघी सुलतान बाजारावरून अफजलगंजला गेल्या. तिथे सगळी गाडी रिकामी झाली. या दोघी तशाच बसून.

किशोर पुढे गेला आणि म्हणाला, “आई, उतरायचं नाही?”

त्या दचकल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “उतरले तर परत चढवणार कोण, बेटा?”

हे त्यानंच मला रात्री सांगितलं. मग मोजणीचा तो भरगच्च आकडा आठवून त्यानं विचारलं, त्या बुधवारी गाडीत तुम्ही किती जणी होता? मी म्हटलं, सगळ्याच. मला वाटलं चिडेल. तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. जिल्ह्याच्या आराखड्यात बसच्या पायरीला जागा नव्हती, ती कुठे आणि कुणाकडे मागायची हे त्याला कळेना.

मग त्यानं निधीचा नाद सोडला. सुताराकडून एक भक्कम, रुंद स्टूल करून घेतलं, वरती गोणपाट ठोकलं आणि यादगिरीच्या हवाली केलं. यादगिरी ते ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवायचा. पेट्रोल पंप आला की खाली उतरून मांडायचा, काचीगुड्याला पुन्हा मांडायचा. सासूबाई परत माहेरच्या दारात उतरू लागल्या. त्या स्टुलावरून मग किती गरोदर बायका आणि म्हातारे चढले-उतरले, त्याची मोजणी कुणी केली नाही.

काही वर्षं अशी चांगली गेली. मग एका पहाटे सासूबाई झोपेतच गेल्या. त्रिवेणीमावशी आमच्याकडे येऊन राहिली. घरात माणसांची ये-जा होती, आणि यादगिरीला कळवायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात तो उभा. खाकी कपडे, खांद्याला तिकिटांची पिशवी, हातात स्टूल. अम्मा येत नाहीत, तब्येत बरी नाही का, पायरी अजून उंच वाटते का, असं तो विचारत होता. भिंतीवरचा फोटो दिसला आणि तो बोलायचा थांबला. मोठ्या रस्त्यावरून हॉर्न ऐकू येत होता. भरलेली बस पेट्रोल पंपापाशी सोडून हा माणूस गल्लीत चालत आला होता.

थांब्यावर गाडी एका मिनिटापेक्षा जास्त उभी राहू नये, हा नियम किशोरनंच लिहिलेला. त्यानं यादगिरीच्या हातातलं स्टूल घेतलं, फोटोपाशी ठेवलं, आणि त्याला म्हणाला, “बसा. चहा घेऊनच जा.”