वीस झोके

शाळेच्या प्रयोगशाळेची फरशी उखडली, त्या वर्षी विज्ञान स्पर्धा-परीक्षेचा वर्ग बाईंच्या घरी भरू लागला. फरशीखालचा पाण्याचा पाइप फुटला होता. दुरुस्तीला तीन महिने लागणार होते आणि परीक्षा काही प्लंबरसाठी थांबणार नव्हती. मुख्याध्यापकांनी खांदे उडवले. मग बाईच दर रविवारी सकाळी आपल्या जेवणाच्या टेबलावरची बरणी-बिरणी उचलून मुलांना जागा करून देऊ लागल्या.

मुलं चारच होती. एक नववीतला हुशार मुलगा. त्याला सगळी शाळा ‘प्रोफेसर’ म्हणायची आणि ते त्याला स्वतःलाही मनापासून पटलेलं होतं. दोघं जुळे भाऊ. त्यांना वेगवेगळी हाक मारण्याच्या भानगडीत कुठलेच शिक्षक पडत नसत, त्यामुळे ते ‘जोडगोळी’. आणि एक बारकीशी मुलगी. तिचं अक्षर इतकं बारीक की वह्या तपासताना बाईंना चष्मा पुसून घ्यावा लागे. तिला ‘मुंगी’ म्हणत. ती फारसं बोलत नसे, आणि बोललीच तर आधी ‘बहुतेक’ म्हणून मग पुढचं बोले.

बाई चौदा वर्षं या परीक्षेची तयारी करून घेत आल्या होत्या. त्यांचा खाक्या ठरलेला होता. मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुढ्यात टाकायच्या, घड्याळ लावायचं, सोडवून घ्यायच्या. लेखी परीक्षेत त्यांची मुलं दर वर्षी हसत-खेळत पार होत. गाडी अडायची ती प्रात्यक्षिकाला. तिथे गेलेलं एकही मूल आजवर पुढच्या फेरीत गेलं नव्हतं. बाई त्याचं खापर कधी परीक्षकांवर फोडत, कधी केंद्रावरच्या जुन्या उपकरणांवर.

घरात बाईंचे सासरे होते, सगळ्यांचे बाबा. एकेचाळीस वर्षं त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक काम जमेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं आणि घरी बसले. बसले म्हणजे नुसतं म्हणायचं. वर्षभरात त्यांनी घरातल्या प्रत्येक दाराची करकर घालवली. करकरायला एकही दार उरलं नाही, तेव्हा ते स्वतःच करकरू लागले.

दुसऱ्या रविवारी बाईंनी खिडकीच्या गजाला दोरा बांधून खाली एक जाड नट लटकवला आणि मुलांना लंबकाचा प्रयोग करायला सांगितलं. नट झुलवायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. खरं तर वर्तमानपत्र नुसतंच उघडं होतं. प्रोफेसरने वीस म्हणत घड्याळ दाबलं, तसे ते पेपराआडून म्हणाले, की पोरा, तुझे वीस नाहीत, एकोणीसच झाले. तू सोडतानाच ‘एक’ म्हणालास. तेव्हा एकही झोका झालेला नव्हता.

प्रोफेसरचे कान लाल झाले. जोडगोळी हसली. थोड्या वेळाने बाबा पुन्हा म्हणाले, की नट टोकाला गेल्यावर घड्याळ दाबू नका. मग एका भावाने वही धरली आहे ती वाकडी आहे. मग दोरा निसटतोय. असं करता करता तासाभरात दोन प्रश्नपत्रिका व्हायच्या, तिथे अर्धीही झाली नाही. मुलं गेल्यावर बाईंनी स्वयंपाकघरात बाबांना चहा देता देता शक्य तितक्या गोडीने सांगितलं, की मुलांना वेळ फार थोडा आहे, तेवढा एक तास त्यांना मोकळा दिला तर बरं होईल. बाबांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी मुलं यायच्या आत ते चपला घालून फिरायला निघून गेले. नवरा म्हणाला, बाबा रुसले आहेत. बाई म्हणाल्या, रुसू देत. पण त्यांना दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

पंधरा दिवसांनी बाईंनी एक सराव चाचणी घेतली. लंबक तोच, स्टॉपवॉच तेच, चौघांनी पाळीपाळीने वीस झोके मोजायचे. आकडे आले ते असे: अडतीस, चाळीस, बेचाळीस, आणि मुंगीचा ‘बहुतेक एकोणचाळीस’. बाईंनी स्वतः मोजलं तर एकेचाळीस भरले. मग पुन्हा मोजलं, तेव्हा साडेएकोणचाळीस. त्यांना पहिल्यांदाच कळलं, की दर वर्षी गाडी नेमकी कुठे अडत होती. मोजायचं कसं, हे त्यांनी कुणाला शिकवलंच नव्हतं, कारण त्यांनाही ते कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी त्या बाबांच्या खोलीत गेल्या. आढेवेढे घेतले नाहीत.

“बाबा, माझं चुकलं. येत्या रविवारी फिरायला जाऊ नका. मुलांना मोजायला शिकवा.”

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. मग म्हणाले, “तूही बसणार असशील तर शिकवतो, सूनबाई.”

त्या रविवारपासून एक तास प्रश्नपत्रिकांचा आणि एक तास बाबांचा. बाबांनी सगळ्यात आधी नटामागे भिंतीवर पेन्सिलीने एक उभी रेघ मारली. नट टोकाला पोचला की रेंगाळतो, म्हणून तिथे कधी दाबायचं ते कुणालाच नेमकं कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. मधून मात्र तो सुसाट जातो. रेघ ओलांडली रे ओलांडली की दाबा. सुरुवात ‘शून्य’ म्हणून करायची. मोजताना घड्याळाकडे ढुंकूनही बघायचं नाही. पहिले दोन-तीन झोके सोडून द्यायचे, दोरा सावरेपर्यंत. आणि लिहायचं ते शाईने. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी दुसरं लिहायचं. रबर त्यांनी चौघांकडूनही काढून घेतलं.

तीन रविवारांनी पाचही जणांचे आकडे एकमेकांच्या अर्ध्या सेकंदात येऊ लागले. पाचवा आकडा बाईंचा होता. टेबलाशी चौघांच्या मधे बसून त्याही श्वास रोखून रेघेकडे बघत, आणि आपला आकडा जमला की त्यांना शाळकरी मुलीसारखा आनंद होई. बाबांची करकरही एव्हाना बंद झाली होती. शनिवारी संध्याकाळीच ते दोरे, नट, वजनं काढून ताटलीत मांडून ठेवू लागले.

मधेच एकदा एक प्रसंग घडला. बाबांनी प्रत्येकाला वेगळ्या लांबीचा दोरा दिला आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायला सांगितलं. प्रोफेसरने दहा मिनिटांत वही पुढे केली. पाच वेळा मोजलं होतं आणि पाचही वेळा उत्तर पुस्तकातलंच, नऊ पूर्णांक आठ दशांश. बाबांनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत केली.

“इतके गोड आकडे मी एकेचाळीस वर्षांत पाहिले नाहीत,” ते म्हणाले. “मोजलेस किती आणि बनवलेस किती?”

प्रोफेसरने वही मिटली. मग हळूच म्हणाला, की दोनदा मोजले. बाकीचे उत्तरावरून उलटे काढले. उत्तर तर ठाऊकच होतं. आणि मग त्याने बाईंकडे बघितलं, कारण उत्तर किती यायला हवं, ते बाईंनीच पहिल्या दिवशी वहीत लिहून दिलं होतं.

बाईंना रागवता आलं असतं. त्यांना आपली कॉलेजची प्रात्यक्षिकाची वही आठवली. निळ्या पुठ्ठ्याची, सुबक, पैकीच्या पैकी गुण मिळालेली. त्यांनी मुलांना सांगून टाकलं, की ती सबंध वही त्यांनी होस्टेलच्या पलंगावर बसून भरली होती, उत्तराकडून मोजमापाकडे. प्रयोगाला हातही न लावता. बोलताना त्यांचा चेहरा तापला होता. एक जुळा विचारता झाला, की मग पकडलं नाही कुणी? “नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर मला आत्तापर्यंत मोजता येत नव्हतं.”

 बाबांनी प्रोफेसरच्या हातात नट दिला आणि पुन्हा रेघेकडे बोट दाखवलं.

लेखी परीक्षा चौघांनीही पार केली. प्रोफेसर तर पहिल्या दहात आला. प्रात्यक्षिक एका मोठ्या कॉलेजात होतं. बाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. दोन तासांनी मुलं बाहेर आली. प्रोफेसर खुशीत होता, जोडगोळी प्रयोगावरून आपसात भांडत होती, आणि मुंगीचे डोळे भरून आले होते. नेहमीचा लंबक नव्हताच. मीटरभर लांबीची, भोकं पाडलेली एक लाकडी पट्टी दिली होती. एकेका भोकातून खिळ्यावर टांगायची, झुलवायची, वीस झोके मोजायचे. वरच्या टोकापासून सुरुवात करून मधल्या भोकाकडे सरकत जायचं आणि आलेख काढायचा.

“आधी वेळ कमी कमी होत गेला,” मुंगी म्हणाली, “आणि मग मध्याजवळ परत वाढायला लागला. असं कसं होईल? मी तीनदा मोजलं. तेच येतंय. बहुतेक माझंच काहीतरी चुकलंय. पण मी आलं तेच लिहिलं.”

प्रोफेसर म्हणाला, की वाढणं शक्यच नाही, लांबी कमी तर वेळ कमी. जोडगोळीतला एक म्हणाला वाढला, दुसरा म्हणाला त्याच्याकडे नाही वाढला. बाईंनी कुणाची बाजू घेतली नाही, कारण त्यांनाही ठामपणे माहीत नव्हतं. परतीच्या बसमध्ये त्यांनी मुंगीला खिडकीची जागा दिली.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. पुढच्या फेरीत शाळेतून एकच नाव गेलं, मुंगीचं. चौदा वर्षांत पहिलंच. मुख्याध्यापकांनी ते फलकावर स्वतः लिहिलं. जोडगोळीला प्रमाणपत्रं मिळाली, दोघांचे गुण अगदी सारखे, यावरूनही ते भांडले. प्रोफेसर प्रात्यक्षिकात नापास झाला होता.

पुढच्या रविवारी वर्ग नव्हता. प्रयोगशाळेची फरशीही बसली होती. तरी दहाच्या सुमाराला बेल वाजली आणि दारात प्रोफेसर उभा होता, एकटाच. त्याला बाईंशी नव्हे, आजोबांशी बोलायचं होतं. बाई आत जायला निघाल्या, तर म्हणाला, बाई, तुम्हीपण थांबा.

“मध्याजवळ माझाही वेळ वाढला होता,” तो म्हणाला. “शेवटचे तीन आकडे मी बदलले. मला वाटलं, हात चुकला असेल.”

बाई काहीतरी समजुतीचं बोलायला शब्द जुळवू लागल्या. बाबांनी मात्र त्याला पाणी आणून दिलं आणि सहज विचारलं, “खरे आकडे आठवतात?”

आठवत होते. सगळेच, बदललेले तिन्हीसुद्धा, दशांशासकट. बाबांनी आलेखाचा कागद काढून दिला. प्रोफेसरने टेबलाशी बसून एकेक ठिपका मांडला, सगळे जोडले, आणि रेघ खाली उतरत उतरत तळाशी वळून पुन्हा वर चढली. अगदी सुरेख, गुळगुळीत. तो कागदाकडे बघतच राहिला. ह्या मुलाने तीन वर्षांत बाईंना शेकड्यांनी उत्तरं दिली होती. प्रश्न विचारल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं.

“बाई, पण हे असं का होतं?” त्याने विचारलं.

“मला आत्ता सांगता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “शोधूया.”

त्यांनी माळ्यावरची कॉलेजची पुस्तकं काढायला नवऱ्याला स्टुलावर चढवलं. बाबा एक जुनी मीटरपट्टी घेऊन आले आणि तिला भोकं कुठे पाडायची यावर खल सुरू झाला. प्रोफेसरचं म्हणणं होतं, दर पाच सेंटिमीटरला. बाबांच्या मते मध्याजवळ जास्त दाट हवीत, कारण खरी गंमत तिथेच आहे. बाईंनी पुस्तकांवरची धूळ झटकून पहिलं उघडलं आणि नवऱ्याला सांगितलं, की आज जेवायला उशीर होईल.