वीस मिनिटे उकळलेले पाणी

दिवाणखान्याच्या भिंतीशी काचेची एक टाकी होती आणि तिच्यात हातभर समुद्र नांदत होता. नवरा जहाजावर नोकरीला गेला त्या वर्षी सुनेने नखाएवढे जिवंत पोवळे आणून त्या खाऱ्या पाण्यातील खडकावर रोवले. तीन वर्षांत ते तळहाताएवढे झाले. दिवा लागला की त्याच्यावर शेकडो चिमुकली तोंडे उमलत. घरात बोलावयास दुसरे कोणी नव्हते, तेव्हा सून त्याच्याशीच बोलत असे.

चार महिन्यांपूर्वी सासूबाई येथे राहावयास आल्या. प्रसूतिगृहात चाळीस वर्षे परिचारिका म्हणून सेवा केलेली ती बाई. रिकामे बसणे त्यांना ठाऊकच नव्हते.

गेल्या दीड महिन्यापासून मात्र टाकीला शेवाळाने ग्रासले होते. हिरवे, केसांसारखे लांब, खडकाखडकावर चढलेले. सुनेने टाकीतल्या माशांचे खाणे निम्म्यावर आणले, दिव्याचे तास घटविले, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या गाळण्या बदलल्या. टाकीतले जेवढे पाणी उडून जाई तेवढे त्या यंत्राच्या पाण्याने भरावयाचे, हा तिचा नेम. आणि यंत्राच्या पाण्यात क्षार मोजणारा मापक बुडविला की आकडा शून्य येई. तरीही शेवाळ वाढत होते आणि पोवळ्याची तोंडे एकेक करून मिटत होती. टाकीचे पाणी हल्ली पूर्वीइतके आटत नाही, एवढे तिच्या ध्यानात आले होते; त्याचे श्रेय तिने नव्या झाकणाला दिले होते.

शनिवारी संध्याकाळी फोन ठेवून ती टाकीपुढे बसली.

"उद्या सकाळी शोभेच्या माशांच्या दुकानाचे मालक येतायत, आई. पोवळं घेऊन जातील. त्यांच्याकडे तरी जगेल."

"अगं, पोटच्या पोरासारखं वाढवलंस, आणि देऊन टाकतेस?"

"माझ्या हाताला यश नाही. कुठे चुकतंय तेच कळत नाही. पाणी तर शून्य आहे."

"पाण्याला नावच ठेवू नकोस," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "मी स्वतः वीस मिनिटं उकळून घालते."

सुनेने मान वळविली. "कधी?"

"रोज दुपारी. तू ऑफिसात असतेस. तुझं ते यंत्र थेंब थेंब गळतं, त्याच्या भरवशावर बसलं तर झालंच! म्हटलं, पोर दमून येते, तेवढंच काम हलकं. नळाचं घेते, खळखळ उकळते, झाकून गार करते."

सून उठली. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेल्या पातेल्यात तिने मापक बुडविला. आकडा दोनशे दहावर जाऊन थांबला.

"जंतू राहिले का गं?" सासूबाईंचा चेहरा उतरला.

"एकही नाही राहिला. पण नळाच्या पाण्यात जे विरघळलेलं असतं, ते उकळून जात नाही, आई. पाण्याची वाफ होते, ते मागेच राहतं. शेवाळाला तेच खत."

सासूबाई हळूच खुर्चीत टेकल्या. "म्हणजे दीड महिना मीच त्याला भरवत होते." मग म्हणाल्या, "बोल मला. रागव."

शब्द सुनेच्या ओठांवर आलाही होता. इतक्यात तिची दृष्टी सासूबाईंच्या मनगटाकडे गेली. तेथे वाफेने भाजल्याचा लांबट लाल चट्टा होता.

"हे कधी झालं?"

"मंगळवारी. झाकण काढताना. सोड ते. आता हे शेवाळ निघेल कसं, ते सांग."

"हाताने उपटावं लागेल. खडकावरचं निघतं. पोवळ्याच्या तोंडांमधलं मला नाही जमत. जरा धक्का लागला की फाटतं."

सासूबाई उठल्या. आपल्या पेटीतून त्यांनी निमुळता चिमटा काढला, चष्मा पुसला आणि कोपरापर्यंत हात धुवू लागल्या.

"साबण नको, आई! नुसतं पाणी."

"बरं बाई. या वयात सून मला हात धुवायला शिकवणार!"

पाण्यात शिरलेला तो वृद्ध हात किंचितही थरथरला नाही. दोन तोंडांमधला तंतू चिमटा अचूक धरी, आणि सून नळीने तो ओढून बाहेर घेई.

"नळी जवळ आण. घाई नको. किती दिवस लागतील?"

"दोन महिने तरी. पाणी यंत्राचंच, आणि रोज हे."

"मग त्या मालकांना फोन लाव. म्हणावं, पेशंट हलवण्यासारखा नाही."

सुनेला हसू फुटले आणि डोळेही भरून आले. "त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तर म्हणावं, सिस्टर सोडत नाहीत."

ओल्या हातानेच सुनेने फोन उचलला. सासूबाईंनी मान वर केली नाही; चिमट्याच्या टोकाशी एक हिरवा तंतू मुळासकट येत होता.