कौसल्येची करवली

“बाप जिता हाय ना? मंग देवकाला त्यालाच बसवा,” सावळाराम पाटलांनी पानाला चुना लावत सांगितलं. “मामानं पोसली ते बरूबर. पन पाटावर मामा बसला तर चार लोक विचारतील, बाप कुठं हाय. काय सांगू मी?”

नवऱ्या मुलाचा बाप म्हणजे मांडवातला राजा. त्यातून सावळाराम माणूस वाईट नव्हता. त्यांनी हुंडा मागितला नव्हता, कौसल्या लग्नानंतरही बालवाडीत शिकवायला जाईल हेही कबूल केलं होतं. एवढं एकच मागणं होतं त्यांचं. मुलीचा मामा बाळाराम समोर बसला होता. त्याची बहीण, मुलीची आई राहीबाई, दाराला टेकून उभी होती.

“बापाला आनते मी,” ती म्हणाली.

राहीबाई धवलारीण होती. आगरी लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. मांडव पडल्यापासून मुलगी वाटेला लागेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिने गायचा, कोणाला कधी पाटावर बसवायचं ते तिने सांगायचं, आणि गावच्या पाटलानेही ते मुकाट ऐकायचं. धवलारणीच्या कपाळाकडे कोणी बघत नाही. विधवा असो की टाकलेली, तिचा मान तिच्या गळ्यात असतो. मानकोलीपासून खाडीकाठच्या गावांपर्यंत राहीबाईने किती संसार लावून दिले त्याला गणती नव्हती. स्वतःच्या दिव्याखाली मात्र अंधार होता. नवरा तुळशीराम रेतीच्या ट्रकवर क्लीनर. वाड्याच्या रस्त्याने जाता-येता अंबाडीला उतरायला लागला आणि एकदा उतरला तो परत चढलाच नाही. तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. काडीमोड झाली नाही, साधं भांडणही झालं नाही. राहीबाई लहानग्या कौसल्येला घेऊन भिवंडीला भावाच्या घरी आली. लग्नसराईत धवले गायचे, एरवी लूमवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरायच्या, यातच तिची पंधरा वर्षं गेली.

लोक तिला बोलत ते ती सोसत असे. सोसवत नसे ते वेगळंच. लग्नांना ती पोरीला बरोबर न्यायची आणि बाया नेमकं त्या पोरीला विचारायच्या, “तुजा बाप कुठं गं?” पोर एकदा म्हणाली, मुंबईला. दुसऱ्या लग्नात म्हणाली, दुबईला. पुढच्या लग्नाला ती आलीच नाही. पोटात दुखतंय म्हणाली.

पाटील गेल्यावर कौसल्या आईवर उखडली. “मला मामाच पाहिजे. त्या माणसाला मी ओळखत पण नाही. आणि तू त्याच्या बाजूला बसणार? गाठ मारून?”

“येक घटका बसायचं.”

“तुला चालेल?”

“न्हाय चालनार,” राहीबाई म्हणाली. “पन तुज्या लग्नात कोनी बाप कुठं म्हनून विचारलं, तर ते त्याहून न्हाय चालनार.”

कौसल्या कांड्यांची टोपली ओढून आईशेजारी बसली आणि भरायला लागली.

राहीबाई एसटीने अंबाडीला गेली. घर नाक्यापासून लांब नव्हतं. दार उघडलं ते तुळशीरामच्या दुसऱ्या बायकोने, मीराबाईने. राहीबाईने मनात तिला गोरीगोमटी, नटवी करून ठेवलं होतं. समोर होती ती नुकतीच भाजीची पाटी उतरवून टेकलेली, हाडं वर आलेली बाई. एवढ्या वर्षांच्या शिव्या फुकट गेल्या असं राहीबाईला वाटून गेलं. आत आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेची पाटी पुसत होती. तिने वर बघितलं. कौसल्येचंच नाक, कौसल्येचीच एक वर गेलेली भुवई.

तुळशीराम आला. ट्रक सुटला होता, पाठ वाकली होती. लग्नाचं ऐकून तो उंबऱ्यातच बसला.

“येतो,” तो म्हणाला. मग हळूच, “पोर वलखल मना?”

“न्हाय,” राहीबाई म्हणाली. खोटं बोलून त्याला दिलासा द्यावा एवढी माया तिच्याकडे उरली नव्हती.

निघताना मीराबाई तिच्या मागोमाग नाक्यापर्यंत आली. “आक्का, मी न्हाय यायची. मना माजी जागा ठाव हाय. पन मंदीला धाडू का? शालेत सांगत असते, माजी मोठी बहीन हाय. कोनी खरं मानत न्हाय.”

“तो येकटाच येऊं दे,” राहीबाई म्हणाली आणि गाडीत चढली. वाटभर तिला स्वतःचाच राग येत होता आणि तो ती मीराबाईवर काढत होती.

देवकाच्या दिवशी तुळशीराम टोपी घालून आला तो मंदाचं बोट धरूनच. नवा फ्रॉक, तेल चोपडून घट्ट घातलेल्या वेण्या. राहीबाईचं टाळकं सरकलं, पण मांडव भरला होता. आई पाटावर बसली की धवला दुसरीने गायचा, म्हणून जुनी जोडीदारीण गोदूबाई आली होती. तिने दोघांना पाटावर बसवलं, उपरण्याला पदराची गाठ मारली आणि सूर लावला. राहीबाई समोरच्या तांदळाच्या राशीकडे बघत राहिली. कौसल्येने येऊन दोघांना नमस्कार केला. बापाच्या पायांना हात लावताना तिने वर बघितलं नाही. तुळशीरामच्या ओठांवर आलेला आशीर्वाद तिथेच राहिला.

मंदा एकटीच खांबाशी उभी होती. बायांना विषय मिळाला.

“कोनाची गं तू?”

“तुलशीरामची.”

“आन आई कुठं तुजी? ती कशी न्हाय आली?”

सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांना नुसती ऊब मिळते. पोरीने खांबाचा कागद नखाने खरवडला.

“आजारी हाय,” ती म्हणाली.

राहीबाईला ती थाप पाटावर बसल्या बसल्या ओळखू आली.

“करवलीला बोलवा,” कौसल्येला पाटावर बसवून गोदूबाई म्हणाली. करवली म्हणजे नवरीची पाठची बहीण, तिच्यामागे कलश धरून उभी राहणारी. कौसल्येला बहीण नाही म्हणून शेजारच्या राघोची मुलगी ठरली होती. ती साडी सावरत पुढे झाली.

“थांब,” राहीबाई म्हणाली. गाठ होती म्हणून तिला उठता येईना. “बहीन असताना दुसरी कशाला? मंदे, इकरं ये.”

बाळाराम वाकून कानाशी म्हणाला, “राहे, पाटील काय बोलतील?”

“पाटलांना बाप पायजे व्हता ना? बाप येतो तो त्याच्या पोरांसकट येतो.”

एवढं बोलून तिने कौसल्येकडे बघितलं, कारण लग्न शेवटी तिचं होतं. कौसल्या त्या लहानग्या चेहऱ्यावरच्या वर गेलेल्या भुवईकडे बघत राहिली. मग पाटावर थोडी पुढे सरकली आणि मागे जागा करून दिली.

“जड आहे कलश,” ती मंदाला म्हणाली. “दोन्ही हातांनी धर.”

राघोची मुलगी फुरंगटली, तिला फुलांचं ताट देऊन गप्प केलं. गोदूबाईची मात्र पंचाईत झाली. करवलीच्या धवल्यात तिच्या आईचं नाव गुंफावं लागतं. तिने राहीबाईकडे बघत भुवया उंचावल्या.

“तिच्या आईचं घे,” राहीबाई म्हणाली. “मीराबाई.”

शेजारी तुळशीराम टोपी काढून डोळे पुसत होता. राहीबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. धवला संपल्यावर गाठ तिने स्वतःच सोडली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. सावळाराम पाटील करवलीकडे बघून, “दोघी बापावर गेल्यान,” एवढंच बोलले आणि जेवायला बसले. कौसल्या मामाच्या गळ्यात पडून रडली, आईला मिठी मारून रडली आणि गेली. भरलेला मांडव ती गेल्याबरोबर ओस वाटायला लागला. राहीबाईला कुठे बसावं ते सुचेना.

अंबाडीकडे जाणारा टेम्पो लागला होता. तुळशीराम पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. मंदा मागे रेंगाळली.

“ताई परत कदी येल?”

“पाचपरतावनाला येल.”

“मी येऊ तवा?”

“ये.”

पोर तरी हलेना. “मी तुमाला काय बोलू?” तिने विचारलं.

राहीबाईला सासूची, नणंदेची, चुलत-मावस सगळ्या नात्यांची गाणी पाठ होती. त्यात या नात्याचं एकही नव्हतं. होतं ते फक्त सवतीच्या पोरीचं, आणि ते शिवीचं होतं.

“मोठी आये बोल,” ती शेवटी म्हणाली. “आन आता जा, बाप खोलंबलाय.”

मंदा धावत जाऊन टेम्पोत चढली. गाडी वळायला लागली तशी मागची फळी धरून तिने मोठ्याने हाक मारली, “मोठे आये, येते मी.”

भांडी आवरणाऱ्या बायांनी माना वळवून आधी टेम्पोकडे बघितलं, मग राहीबाईकडे. राहीबाईने सगळ्यांच्या देखत हात वर केला आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत तो खाली घेतला नाही.